अफलातूनचा आरसा आणि तापीचं पाणी

आठवीतला एक मुलगा तास संपल्यावर टेबलाजवळ येऊन थांबला. थोडा घुटमळला आणि म्हणाला, "सर, अफलातून मोठा की प्लेटो?"

मला आधी हसू आलं. मग लक्षात आलं की पोराचं काहीच चुकलेलं नाही. उर्दू वाचताना त्याला सुकरात, अफलातून आणि अरस्तू भेटतात. मराठी-इंग्रजी वाचताना सॉक्रेटिस, प्लेटो आणि ॲरिस्टॉटल. तीन माणसं इकडे, तीन माणसं तिकडे. ती एकच आहेत, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. मी सांगितलं, तरी त्याच्या चेहऱ्यावर पटल्याचं दिसेना. शेवटी त्याने मनातलं सांगून टाकलं : "मला वाटलं, अफलातून आपला आणि प्लेटो त्यांचा."

त्या दिवशी घरी जाताना हे वाक्य डोक्यातून जाईना. तेरा वर्षांच्या मुलाने जगाची वाटणी करून टाकली होती, आणि तीही एका माणसाचे दोन तुकडे करून.

नावाची गोष्ट सोपी आहे. ग्रीक नाव प्लातोन. अरबीत 'प' नाही, म्हणून 'फ' आला. अरबीत शब्दाच्या सुरुवातीला जोडाक्षर चालत नाही, म्हणून पुढे 'अ' लागला. प्लातोनचा अफलातून झाला. तो फारसीतून उर्दूत आला आणि मराठीत तर विशेषण होऊन बसला. 'काय अफलातून झेल घेतला' असं म्हणणाऱ्याला आपण अथेन्सच्या एका गुरुजींचं नाव घेतोय हे ठाऊकही नसतं. अरबी 'हिकमत' म्हणजे तत्त्वज्ञान, शहाणपण. मराठीत हिकमती माणूस म्हणजे बंद पडलेली मोटार चालू करून देणारा. यूनान हा शब्द आयोनिया ह्या ग्रीक प्रदेशावरून आला आणि आपल्याकडचा 'यवन' हा शब्दही तिथलाच. जुन्या बखरींमध्ये मुसलमानांना यवन म्हटलेलं आहे. म्हणजे बखरीच्या हिशेबाने ग्रीक आम्हीच!

त्या मुलाला मी वेगळं काही सांगायला हवं होतं. अफलातून कुणाचा, ह्यापेक्षा तो काय म्हणाला आणि त्याचं म्हणणं आपल्या तापीकाठापर्यंत कसं आलं, की आलंच नाही, हे सांगायला हवं होतं. ते इथे लिहितो.

ज्ञान म्हणजे काय, हे ग्रीकांनी व्याख्येपेक्षा उपमांनी जास्त सांगितलं. हेराक्लायटस म्हणाला, जग नदीसारखं वाहतं आहे, त्याच नदीत दोनदा उतरता येत नाही. पार्मेनिडीसने उलट सांगितलं, जे खरं आहे ते सगळीकडून सारख्या गोल चेंडूसारखं पूर्ण आहे, त्यात बदल नाही. डेमोक्रिटस म्हणाला, सत्य खोल तळाशी आहे. अफलातून (इ. स. पू. 427 ते 347) ह्या सगळ्यांनंतरचा आणि उपमांच्या बाबतीत सगळ्यांचा बादशहा.

शिक्षक म्हणून मला त्याच्या गुहेपेक्षा 'थिएटेटस' हा संवाद जवळचा वाटतो. ह्यात सुकरात स्वतःला सुईण म्हणवतो. त्याची आई खरोखर सुईण होती. तो म्हणतो, मी स्वतः काही जन्माला घालत नाही, दुसऱ्याच्या पोटातलं बाहेर काढायला मदत करतो आणि निघालेलं मूल धडधाकट आहे की नाही ते तपासतो. बी.एड.ला 'विद्यार्थिकेंद्री अध्यापन' ह्या नावाखाली जे पानंच्या पानं लिहून घेतलं गेलं, ते ह्या एका उपमेत आहे आणि जास्त प्रामाणिकपणे आहे, कारण सुईणीच्या कामात वेदना आहेत हे ती लपवत नाही.

मग येते मेणाची पाटी. प्रत्येकाच्या मनात मेणाचा एक गोळा आहे, आपण पाहतो-ऐकतो त्याचा ठसा त्यावर उमटतो. कुणाचं मेण फार मऊ असतं, तो पटकन शिकतो आणि पटकन विसरतो. कुणाचं कडक, त्याला शिकायला वेळ लागतो, पण एकदा उमटलं की राहतं. कुणाच्या मेणात माती मिसळलेली, ठसा धूसर. वीस-बावीस वर्षं फळ्यापुढे उभं राहून मी ह्यात एकही प्रकार वाढवू शकत नाही. सगळे माझ्या वर्गात बसलेले आहेत.

पण सुकरात स्वतःच ही उपमा मोडतो. पाच आणि सात किती, ह्याला कुणी अकरा म्हणतो. ही चूक कशी झाली? इथे डोळ्यांनी काही पाहिलं नव्हतं, ठसा जुळवायची चूक म्हणावी तर दोन्ही आकडे मनातलेच. म्हणून तो दुसरी उपमा आणतो, पाखरांच्या पिंजऱ्याची. माणूस आयुष्यभर ज्ञानाची पाखरं पकडून पिंजऱ्यात सोडतो. ती त्याच्या मालकीची असतात, पण हातात नसतात. गरज पडली की आत हात घालून पुन्हा पकडावं लागतं. बारा पकडायला गेला आणि हातात अकरा आलं, म्हणजे कबुतराऐवजी होला.

आमच्या मोहल्ल्यात धाब्यावर कबुतरं पाळणारी पोरं आहेत. त्यांना ही उपमा सांगितली की अर्धा तास पुरते. आपलं असणं आणि हाताशी असणं ह्यातला फरक त्यांना माझ्यापेक्षा चांगला कळतो. परीक्षेत 'येत होतं सर, पण आठवलं नाही' म्हणणारा मुलगा हेच सांगत असतो. गंमत म्हणजे सुकरात हीसुद्धा उपमा टाकून देतो, आणि अख्खा संवाद ज्ञानाची व्याख्या न सापडताच संपतो. अशा धड्यावर आमच्याकडे 'स्वाध्याय सोडवा' असं कसं लिहिलं असतं, देव जाणे.

गुहेची गोष्ट बहुतेकांनी ऐकलेली असते. ती 'रिपब्लिक'च्या सातव्या भागात आहे. माणसं लहानपणापासून गुहेत बांधलेली, मानही वळवता येत नाही. मागे आग, आगीपुढे एक बुटकी भिंत, भिंतीआडून लोक पुतळे आणि वस्तू घेऊन जातात. कैद्यांना समोरच्या भिंतीवर फक्त सावल्या दिसतात आणि त्यांना तेच जग वाटतं. आमच्या लहानपणी उरुसात तंबू टॉकीज यायची. पडद्यासमोर बसून मान वळवायची नाही आणि मागच्या मशीनकडे पाहायचं नाही, असा नियम असता तर आमची तीच गत झाली असती. एकाला सोडवून बाहेर नेतात. त्याचे डोळे दुखतात. बाहेर आधी त्याला सावल्या पाहता येतात, मग पाण्यातली प्रतिबिंबं, मग वस्तू, मग रात्रीचे तारे, आणि सगळ्यात शेवटी सूर्य. तो परत आत येतो तेव्हा त्याला अंधारात काही दिसत नाही, लोक हसतात. तो बाकीच्यांना सोडवायला लागला तर हाती सापडल्यास त्याला मारूनही टाकतील, असं अफलातून लिहितो. इ. स. पू. 399 मध्ये अथेन्सने सुकरातला विष प्यायला लावलं होतं, हे वाचणाऱ्याला सांगावं लागत नाही.

ह्या उपमेत ज्ञान म्हणजे जागा सोडणं आहे. खरं तिकडे बाहेर, खोटं इथे आत. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण तापीकाठी आल्यावर हाच मुद्दा उलटतो.

त्याच ग्रंथाच्या दहाव्या भागात अफलातून आरशाबद्दलही बोलतो. आरसा घेऊन चौफेर फिरवा, म्हणतो, क्षणात तुम्ही सूर्य, जमीन, प्राणी, झाडं सगळं 'बनवाल', पण ते सगळं दिसण्यापुरतं. चित्रकार तेच करतो. म्हणजे अफलातूनचा आरसा फसवा आहे.

हे सारं बगदादला कसं पोचलं? आठव्या-नवव्या शतकात अब्बासी खलिफांच्या काळात ग्रीक ग्रंथांची अरबीत भाषांतरं झाली. करणारे बरेचसे ख्रिस्ती होते. त्यातला सगळ्यात मोठा हुनैन इब्न इसहाक, 873 साली वारला. आपल्याकडचे काही लोक हे सांगताना 'मुसलमानांनी ग्रीक ज्ञान वाचवलं' एवढंच म्हणतात आणि हुनैनला विसरतात. हे त्या आठवीतल्या मुलासारखंच झालं, फक्त दाढी पिकल्यावर.

एक चूक तर फारच मोठी झाली. अल-किंदीच्या भोवतालच्या मंडळींत हिम्स गावच्या इब्न नाइमा नावाच्या ख्रिस्ती भाषांतरकाराने एक ग्रंथ अरबीत आणला. त्यावर नाव पडलं 'अरस्तूचं इलाहियात'. तो अरस्तूचा नव्हताच. तो प्लोटिनसच्या लिखाणावर आधारलेला होता. प्लोटिनस अरस्तूनंतर सुमारे सहाशे वर्षांनी, 270 साली वारलेला. त्याची उपमा उजेडाची : सूर्य स्वतः कमी न होता उजेड सोडतो, तसं एकापासून सगळं अस्तित्व पाझरतं, जितकं दूर तितकं मंद. पुढची कित्येक शतकं मुस्लिम विचारवंत हे अरस्तूचं म्हणून वाचत राहिले. आमच्या विद्यार्थ्याने एका माणसाचे दोन केले आणि बगदादवाल्यांनी दोन माणसांचा एक केला. त्या चुकीतून जे विचार उगवले ते मात्र चुकीचे म्हणून फेकता येत नाहीत.

उजेडाची उपमा मुसलमानांना परकी नव्हतीच. सूरह नूरमध्ये कोनाडा, दिवा आणि काच आहेत. इमाम गझालींनी त्यावर 'मिश्कातुल अन्वार' हे पुस्तकच लिहिलं. हेच गझाली (1058 ते 1111) 'तहाफुतुल फलासिफा'चे लेखक, ज्यात त्यांनी फिलसूफांना धारेवर धरलं. मशिदीबाहेर एका बुजुर्गांनी मला एकदा विचारलं होतं, "यूनानी फलसफा पोरांना कशाला शिकवता? गझालींनी तो कधीच गाडला." मी म्हणालो, "हजरत, गाडण्याआधी त्यांनी तो नीट वाचला होता." ते हसले, पण त्यांना ते पटलं असं मला वाटत नाही.

गझालींनी 'इह्या उलूमिद्दीन'मध्ये आरशाची एक गोष्ट सांगितली आहे. चीनचे आणि रूमचे चित्रकार, दोघांत पैज लागते. एका दालनाच्या दोन भिंती, मध्ये पडदा. रूमवाले तऱ्हेतऱ्हेचे रंग मागवतात. चीनवाले रंगाला हात लावत नाहीत, भिंत फक्त घासत राहतात. पडदा सरकतो तेव्हा समोरचं सगळं चित्र घासलेल्या भिंतीत उमटतं, आणखी झळाळून. दीडेकशे वर्षांनंतर मौलाना रूमींनी हीच गोष्ट मस्नवीत सांगितली, पण बाजू बदलल्या : रंग चीनवाल्यांकडे आणि घासणं रूमवाल्यांकडे. मौलाना स्वतः रूमच्या मुलखात राहत होते, म्हणून असेल कदाचित. गोष्टीचा अर्थ दोन्हीकडे तोच. एक ज्ञान बाहेरून जमवून येतं, दुसरं आतली भिंत स्वच्छ केली की येतं.

मुलांना ही गोष्ट सांगताना एक अडचण येते. 'आरसा घासायचा कशाला? फडक्याने पुसला की झालं.' त्यांना काचेचा आरसा माहीत आहे. गझालींच्या काळचा आरसा धातूचा, तो गंजायचा, काळवंडायचा, वारंवार घासून त्याला सैकल करावं लागायचं. म्हणून उर्दूत दिलावर जंग चढतो. कुरआनातही, सूरह मुतफ्फिफीनमध्ये, कर्मांमुळे दिलावर चढलेल्या गंजाची गोष्ट आहे. काच आली आणि आपली अर्धी शायरी मुलांना कळेनाशी झाली.

तर अफलातूनचा आरसा फसवा आणि गझालींचा आरसा खऱ्याचा धनी. वस्तू तीच, काम उलटं. आता तिसरा आरसा, आमच्या शेजारच्या तालुक्यातला.

बोदवडहून मुक्ताईनगरकडे गेलं की पुढे तापी आणि पूर्णेचा संगम लागतो. तिथे चांगदेव नावाचं गाव आहे आणि चांगदेवांचं जुनं दगडी देऊळ आहे. परंपरा सांगते की चौदाशे वर्षं जगलेल्या योगी चांगदेवांनी कोवळ्या ज्ञानेश्वरांना पत्र लिहायला घेतलं आणि मायन्यालाच अडले. चिरंजीव लिहावं तर हा ज्ञानाने मोठा, तीर्थरूप लिहावं तर वयाने पोर. शेवटी कोराच कागद पाठवला. मुक्ताबाई म्हणाल्या, चौदाशे वर्षं जगून हा कोराच राहिला. ज्ञानेश्वरांनी त्या कोऱ्या कागदाला पासष्ट ओव्यांचं उत्तर दिलं, ती 'चांगदेव पासष्टी'. ज्ञानेश्वरांची समाधी 1296 सालची, म्हणजे गोष्ट तेराव्या शतकाच्या शेवटची. मुक्ताबाई ह्याच तापीकाठी अंतर्धान पावल्या असं मानतात. आमच्याकडे वारीच्या दिवसांत मुक्ताईच्या पालखीचं नाव सगळ्यांच्या तोंडी असतं, हिंदूंच्याही आणि मुसलमानांच्याही.

कोरा कागद म्हटला की मला अरस्तू आठवतो. मन हे अजून काही न लिहिलेल्या पाटीसारखं आहे, असं त्याने 'आत्म्याविषयी' ह्या ग्रंथात म्हटलं आहे. त्याच्या दृष्टीने कोरेपण ही सुरुवात आहे, सगळं लिहिलं जाण्याची क्षमता. मुक्ताबाईंनी तेच कोरेपण टोमणा म्हणून वापरलं. ज्ञानेश्वरांनी मात्र कोऱ्या कागदाला पूर्ण पत्रासारखं उत्तर दिलं. हे मला नेहमी फार मोठं वाटतं. कोरी उत्तरपत्रिका हातात आली की आपण काय करतो ते मला माहीत आहे.

पासष्टीतल्या उपमा साध्या आहेत. सोन्याचा दागिना झाला तरी सोनेपण उणं होत नाही. पाण्याने लाटांचा अंगरखा घातला तरी तो न उतरवताही ते उघडं पाणीच आहे. मीठ पाण्याचा ठाव घ्यायला गेलं आणि स्वतःच उरलं नाही. आणि आरसा : आरसा समोर आला की एका चेहऱ्याचे दोन होतात, पाहणारा आणि पाहिलेला. आरसा नसतानाही चेहरा असतोच. इथे आरसा अफलातूनसारखा खोटं बनवत नाही, आणि गझालींसारखा घासायचाही नाही. तो एकाचे दोन करतो, एवढंच. दोनपण कळलं की त्याचं काम संपलं.

आणि इथे गुहा नाही. बाहेर जायला जागाच नाही. दागिना सोडून सोनं आणखी कुठे शोधायला जाणार? अफलातून म्हणतो, पाठ फिरव आणि वर चढ. पासष्टी म्हणते, जे समोर आहे तेच नीट पाहा. मला व्यक्तिशः दोन्ही लागतात. वर्गात अफलातून, रात्री घरी पासष्टी.

आता तापीच्या वरच्या अंगाला जाऊ. रावेरच्या पुढे बुऱ्हाणपूर. आज मध्य प्रदेशात आहे, पण फारुकी सुलतानांच्या खानदेशाची ती राजधानी. इथे मुहम्मद इब्न फजलुल्लाह बुऱ्हाणपुरी नावाचे सूफी आलिम होऊन गेले, 1620 साली वारले. त्यांनी 1590 च्या सुमारास अरबीत एक छोटीशी पुस्तिका लिहिली, 'अत्तुहफतुल मुर्सला'. पूर्ण नावाचा अर्थ, नबींच्या रूहला पाठवलेली भेट. शेख इब्न अरबी (1165 ते 1240) ह्यांच्या परंपरेतलं 'वुजूद एकच आहे' हे म्हणणं त्यांनी ह्यात सात पायऱ्यांत मांडलं. पहिली पायरी, जिथे कुठलंच नाव, रूप, मर्यादा नाही. मग दोन पायऱ्या ज्ञानाच्या, आधी एकवट, मग तपशिलाने. त्यानंतर रूहांचं जग, प्रतिमांचं जग, शरीरांचं जग, आणि सातवी पायरी माणूस, ज्यात आधीच्या सगळ्या येतात. प्लोटिनसचा सूर्य इथवर यायला तेराशे वर्षं लागली आणि वाटेत त्याचं नाव गळून गेलं, पण पायऱ्यापायऱ्यांनी उतरणारा उजेड ओळखू येतो.

त्यांनी उपमा दिली बुडबुडा, लाट आणि बर्फ ह्यांची. हकीकतीने पाहिलं तर तिन्ही पाणीच, आकाराने पाहिलं तर पाण्याहून वेगळी. बुऱ्हाणपूरच्या उन्हात बर्फाची उपमा सुचावी ह्याचं मला नवल वाटतं. मग आठवतं, आपल्याकडेही अवकाळीत गारा पडतातच, आणि केळीचा बाग झोडपला गेला की बर्फ म्हणजे काय हे शेतकऱ्याला कुणी शिकवावं लागत नाही.

लाट पासष्टीत आहे आणि लाट 'तुहफा'त आहे. दोन्ही ठिकाणं एकाच नदीवर, एका दिवसात जाऊन येता येईल इतकी जवळ. साहजिकच मन म्हणतं की ह्यांनी त्यांचं घेतलं असणार. पण ह्याला पुरावा नाही, आणि लाट-पाण्याची उपमा फजलुल्लाहांच्या आधी अरबी-फारसी सूफी लिखाणात मुबलक आहे. व्हॉट्सॲपवर दोन्ही बाजूंचे लोक असल्या साम्यावर तुटून पडतात. एक म्हणतो, बघा, सगळं आमच्याकडूनच गेलं. दुसरा म्हणतो, बघा, सगळं एकच आहे. मला दोघांचंही पटत नाही, कारण दोघंही ते पुस्तक उघडत नाहीत. उघडलं की फरक दिसतो. पासष्टी मीठ विरघळवून टाकते, मोजायला गेलेला परत येत नाही. फजलुल्लाह बजावतात की बंदा हा बंदाच राहतो. एका पायरीचं नाव दुसऱ्या पायरीला लावायचं नाही. लाटेला समुद्र म्हणायचं नाही आणि शरीअत तर सुटतच नाही. पुस्तिका लिहिण्यामागे ही काळजीच मोठी होती. 'सगळं तोच आहे, मग नमाज कशाला' असं म्हणणारे त्यांच्याही काळात होते.

ही काळजी किती खरी होती ते दूर, समुद्रापलीकडे दिसलं. पुस्तिका सुमात्रा बेटावरच्या अचे राज्यात पोचली. तिथे शम्सुद्दीन सुमात्रानी (मृत्यू 1630) ह्यांनी सात पायऱ्यांची मांडणी उचलून धरली. त्यांच्या आधीचे हमजा फन्सूरी हे मलय भाषेतले मोठे सूफी कवी, तेही समुद्र आणि लाटांचेच. 1637 साली तिथे नूरुद्दीन रानीरी नावाचे आलिम आले. रानीरी म्हणजे रांदेरचे. रांदेर म्हणजे सुरतेसमोरचं, तापीच्याच काठावरचं गाव! सुलतान इस्कंदर सानीच्या पाठबळावर त्यांनी फतवा दिला की हे लोक निर्माता आणि निर्मिती एकच मानतात. हमजा आणि शम्सुद्दीन ह्यांची पुस्तकं राजधानीतल्या बैतुर्रहमान मशिदीसमोर जाळली गेली. तौबा न करणाऱ्या काहींना ठार मारलं गेलं. रानीरी स्वतः इब्न अरबींचा आदर करणारे होते, त्यांचा राग उपमेवर नव्हता, उपमा शब्दशः धरणाऱ्यांवर होता. पण आगीला हा फरक कळत नाही.

तापीच्या वरच्या टोकाकडून एक पुस्तक गेलं आणि खालच्या टोकाकडून एक आलिम गेला, आणि हजारो मैलांवर लाटेच्या एका उपमेसाठी माणसं मेली. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं होतं. अफलातूनने लिहिलंच होतं की गुहेत परतलेल्याला मारतील. पण अचेमध्ये कोण गुहेत होतं आणि कोण बाहेर, हे दोन्ही बाजू आपापल्या परीने खात्रीने सांगत होत्या. गुहेची उपमा इथे कामाला येत नाही. तिचा हाच दोष आहे. ती वाचणारा प्रत्येक जण स्वतःला सुटलेला कैदी समजतो, बांधलेला कुणीच समजत नाही.

'तुहफा' त्या आगीत संपली नाही. अचेचे विद्यार्थी मदीनेला गेले, तिथे इब्राहीम अल-कूरानी (1616 ते 1690) ह्यांच्याकडे त्यांनी हा गोंधळ मांडला, आणि जावी मुसलमानांच्या विनंतीवरून कूरानींनी बुऱ्हाणपूरच्या ह्या पुस्तिकेवर सविस्तर टीका लिहिली. दमास्कसच्या अब्दुल गनी नाबुलुसींनीही तिच्यावर टीका लिहिली. पुढे ती जावाच्या भाषेत पद्यात उतरली. जावामधल्या जुन्या घरांमध्ये ज्या पुस्तिकेच्या सात पायऱ्या पाठ होत्या, तिचं नाव आज बुऱ्हाणपूरच्या बसस्टँडवर विचारलं तर कुणी सांगेल असं वाटत नाही. बोदवडला तर नाहीच.

गेल्या हिवाळ्यात त्या मुलाला आणि त्याच्या तीन दोस्तांना घेऊन बुऱ्हाणपूरला गेलो. भुसावळला गाडी बदलली. जामा मशीद फारुकी सुलतान राजे अली खान ऊर्फ आदिल शाह ह्याने बांधलेली, 'तुहफा' लिहिली गेली त्याच सुमारास पुरी झालेली. आतल्या भिंतीवर अरबी शिलालेख आहे, आणि एक लेख संस्कृतातही आहे. मशिदीच्या आत, नागरी अक्षरांत. तो सृष्टिकर्त्याला नमन करून सुरू होतो, अल्लाहचं वर्णन अव्यक्त, सगळीकडे भरलेला, गुणांपलीकडचा असं करतो, आणि मग फारुकी घराण्याची वंशावळ देतो. संस्कृत पंडिताने तेव्हा कुठली उपमा मनात धरून हे शब्द निवडले असतील आणि सुलतानाने ते कसे ऐकले असतील, ह्याचा विचार करत मी उभा होतो.

पोरं अरबी लेख पाहून पुढे सरकली होती. हा मात्र संस्कृत लेखापाशी मान वर करून थांबला. मराठीमुळे त्याला काही अक्षरं लागत होती, जुन्या वळणाची काही लागत नव्हती. "सर, हे 'क'च आहे ना?" एक शब्द त्याने तीनदा सुरू केला आणि तीनदा मध्येच अडला. मीही सगळं वाचू शकलो नाही. परतीच्या गाडीला वेळ थोडा होता, बाकीचे दरवाजातून हाका मारत होते. त्याने वहीचं कोरं पान काढलं आणि दिसत होती तशी अक्षरं उतरवायला घेतली. दीड ओळ झाली तेवढ्यात आम्हाला निघावं लागलं.